खात्रीचा फोन

माझा दोस्त मॅक्सवेल याचं कॅनडाच्या व्हिसाचं काम आता एका फोनवर अडलं होतं. मुर्धा गावातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये तो नऊ वर्षं वेल्डर आहे, असं पत्र मी दिलं होतं आणि ते खरं आहे का, हे विचारायला मला व्हिसा ऑफिसातून फोन येणार होता. माझं इंग्रजी यथातथाच. म्हणून माझी बायको विल्मा पंधरा दिवस रोज चहाच्या वेळी गोरा साहेब होऊन मला प्रश्न विचारत होती. माझा एक शब्द चुकला तर मॅक्सवेलचं सगळं बिघडेल, ही धास्ती होती.

मंगळवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई गोड हिंदीत म्हणाली, "आप मॅक्सवेल को जानते हैं?"

मागच्याच महिन्यात आमच्या शेजाऱ्याला अशाच गोड हिंदीत भावाचं नाव घेऊन, त्याच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत असं सांगून लुटलं होतं.

"मैं किसी मॅक्सवेल को नहीं जानता! मेरे यहाँ ऐसा कोई काम नहीं करता!" असं ओरडून मी फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि मॅक्सवेलला सावध करायला वर्कशॉपच्या शेडकडे धावलो.

मला बघताच मॅक्सवेलने हातातलं काम ठेवलं.

"बरं झालं आलास. आत्ताच एजंट बोलला, फोन दिल्लीवरून येनार हाय, हिंदीतच. तू उगाच घाबरू नको."