दोन हातांचा फोटो

वापरून फेकायच्या वाइप्सना आतून पातळ अस्तर लावायची कल्पना माझी. जंतुनाशक टेबलाला लागावं, पुसणाऱ्याच्या हाताला नाही, एवढंच. चाचणीला रोज साफसफाई करणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून आमच्याच ऑफिसातल्या सफाईच्या मावशींना गळ घातली. तीन महिने उजव्या हाताने नव्या वाइप्सनी पुसायचं, डाव्या हाताने जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवलेल्या नेहमीच्या फडक्याने. दर सोमवारी दोन्ही हातांचा फोटो.

मावशींनी एक दिवस चुकवला नाही. उजव्या हाताच्या भेगा भरून आल्या, तळवा मऊ झाला. डावा होता तसाच फाटका राहिला. शेवटच्या मीटिंगमध्ये दोन्ही हात शेजारी शेजारी पडद्यावर आले आणि साहेब खुर्चीतून उठलेच. "फरक बघा, फरक! विकायला तोंड उघडायचीही गरज नाही!"

"सर, मावशींना हे वाइप्स पुढेही द्यायचे का?" मी विचारलं.

"अगं, हे नाजूक हातांच्या लोकांसाठी आहेत. मावशींना काय, सवय आहे."

मीही मान डोलावली. पुढच्या प्रमोशनच्या यादीत माझं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी मावशींपुढे जुनीच बादली आणि जुनंच फडकं होतं. मी चाचरत म्हणाले, "मावशी, चाचणी संपली हो."


उजवा हात जंतुनाशकाच्या पाण्यात घालत त्या म्हणाल्या, "असू द्या ताई. नात तसंही रोज विचारायची, आजी, हा हात कुणाचा गं?"