रविवारचं गिऱ्हाईक

आईच्या माघारी तिच्या पर्शियन मांजरीला दादाने गिऱ्हाईक शोधलं. "हिचं खाणं वेगळं, डॉक्टर वेगळा, रोज तासभर विंचरायचं ते वेगळंच. हा पांढरा हत्ती पोसणार कोण?"

"मी."

"तुझ्या पगारात? वेडेपणा करू नकोस. त्या बाई रविवारी येतायत, त्यांना फोटोतले हिचे केस फार आवडलेत. त्याआधी हिला जरा नटवून आण."

शनिवारी मी तिला प्राण्यांच्या पार्लरमध्ये नेलं. म्हटलं, "सगळे केस काढा."

केस कापणारा माणूस मशीन हातात धरून तसाच थांबला. "ताई, शोभाच जाईल हो तिची. पुन्हा यायला कितीतरी महिने लागतील."

"लागू देत."

रविवारी टोपलीतून एक हडकुळी, गुलाबी मांजर बाहेर आली आणि बाई चहाही न घेता निघून गेल्या.

दादा उखडला. "आता हिला कुत्रं तरी विचारेल का? असलं बोडकं ध्यान घरात ठेवून घेणार कोण?"

"औषधांनी आईचे केस गेले, तेव्हा तिला ठेवून घेतलंच ना आपण?"