राखून ठेवलेल्या चुका

“सॉफ्टवेअरमधल्या सोप्या चुका आम्ही मुद्दाम नवशिक्यांसाठी राखून ठेवतो, बाई. त्यानं हात बसतो.” पहिल्या दिवशी फोनवर ऐकलेला सरांचा तो आवाज ग्रंथपालबाईंच्या कानात सात वर्षं घर करून होता.

वाचनालयांसाठी सरांनी लिहिलेलं ते मोफत सॉफ्टवेअर हौशी मंडळी मिळून सांभाळत. मंडळी म्हणजे यादीत दोनशे, अंगठा उंचावून शाबासकी द्यायला चाळीस आणि कामाला सर नि बाई. बाई रोज काउंटर आवरला की एक चूक हुडकून काढत, दुरुस्त करून पाठवत. सर “छान!” म्हणत आणि बाई शाळकरी पोरीसारख्या खुलत.

आता सरांची नजर अधू झाली होती. “यापुढे सगळं तुमच्या हाती. तुम्ही नाही म्हणालात, तर हे बंदच पडेल हो,” ते फोनवर म्हणाले.

“भलतंच काय सर! तुम्ही माझ्यासाठी ठेवलेल्या चुका काढण्यापलीकडे मला येतं काय?”

 

 

“बाई, मुद्दाम ठेवलेल्या फक्त पहिल्या तीन होत्या.”