नर्गिसचं अत्तर

भूमच्या बाजारात हैदराबादहून आलेला अत्तरवाला बायांपुढं बाटली नाचवत होता. "हे नर्गिसचं अत्तर! युनान मुलखात एक खूबसूरत जवान होता. त्यानं पाण्यात स्वतःचं तोंड पाहिलं अन् असा खुळावला, की दिवसभर तिथंच वाकून बसायला लागला. त्याचंच पुढं हे फूल झालं."

बायांतल्या सिद्धम्मानं विचारलं, "माझ्या मालकाला लावलं तर?"

"ना ना, अम्मा! तेबी तसेच पाण्यावर जाऊन बसतील," अत्तरवाला हसत म्हणाला.

सिद्धम्मानं कनवटीला खोचलेला निजामाचा हाली रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला.



"दे लवकर. लगीन झाल्यापास्नं आडाकडं फिरकले न्हाईत. बसले, तर उठताना एक घागर तरी भरून आणतील!"