वस्तीचा माणूस

शुभांगीनं उभं राहून आधी वडिलांच्या वतीनं माफी मागितली.

"आबा या समितीचे सभासद होते, पण सभेला कधी आले नाहीत. तुम्ही बोलावत राहिलात, ते टाळत राहिले. वस्तीच्या वतीनं मी दिलगिरी व्यक्त करते."

"अहो, प्लीज," अध्यक्ष शेखर म्हणाले. "तुम्ही आलात हेच खूप आहे."

शेखर हिंजवडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या शेजारी बसलेली प्रियंका दुसऱ्या कंपनीत नोकरभरतीचं काम पाहायची. शाळा समितीचं काम दोघंही सुट्टीच्या दिवशी, फुकट करायचे. त्यांच्यामुळे खालच्या गावातल्या शाळेत संगणक आले, मुलींसाठी स्वच्छतागृह झालं. शुभांगीला त्यांच्याबद्दल आदर होता. ती स्वतः हिंजवडीजवळ चांद्याला एका ऑफिसात हिशेब सांभाळायची. अशी माणसं कशी नेमकं बोलतात, दिलेली वेळ कशी पाळतात, हे ती रोज पाहत होती.

आबांची तऱ्हाच वेगळी. सभेच्या दिवशी त्यांना न्यायला समितीची पांढरी गाडी डोंगराखाली यायची. गाडी वळणावर दिसली, की आबा कोयता घेऊन मागच्या रानात चढायचे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून परत जायचा. शुभांगी चिडायची.

"आबा, चार मानसांत बसायला एवढं भ्यायचं काय त्यात?"

"तितं माजं काय काम हाय?" आबा हसायचे. "गुरांना पाला आनतो."

शेवटच्या वेळी गाडी आली तेव्हा त्यांच्या अंगात ताप होता. तरी ते चढले. अंधार पडल्यावर भिजून परत आले. तो ताप उतरलाच नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला शुभांगी सांगत होती, की आबा एका सभेला घाबरून गेले.

दहाव्याला प्रियंका वस्तीवर चढून आली. बायकांमध्ये सारवलेल्या जमिनीवर बसली. कुणी न सांगता डोक्यावरून ओढणी घेतली. निघताना शुभांगीचा हात हातात धरून म्हणाली, "आबांच्या जागी तुम्ही या. वस्तीवरची शाळा बंद करायचा विषय पुन्हा निघालाय. तुम्ही समोर बसून बोललात, तरच काही होईल." आबा गेल्यापासून इतक्या मायेनं कुणी बोललं नव्हतं. शुभांगी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

म्हणून ती आज आली होती, आणि बोलत होती. पोरांना न्यायला गाडी डोंगराखाली येईल, पण वरून खाली ती कशी उतरणार, हे तिनं विचारलं. पावसाळ्यात मधला ओढा मोठ्या माणसालाही ओलांडता येत नाही. तिच्या भावाची मुलगी किमया आत्ता पहिलीत आहे. ती उतरणार नाही, तिच्या बरोबरीचं कुणीच उतरणार नाही. चार दिवस घरी बसतील, मग कायमची बसतील. "मी त्याच एका खोलीत अक्षर गिरवलं," ती म्हणाली. "ती खोली नसती, तर आज इथं उभी नसते."

सगळे शांतपणे ऐकत होते. कुणी मध्ये बोललं नाही, कुणी फोन पाहिला नाही. प्रियंकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकं सोपं होतं, शुभांगीला वाटलं. आबांनी एकदा तरी यायला हवं होतं.

"फार छान बोललात," शेखर म्हणाले. "मत घेऊया. वस्तीवरची शाळा बंद करून मुलं खाली आणावीत, या बाजूनं कोण?"

हात वर झाले. प्रियंकाचाही झाला. सगळ्यात शेवटी, खाली बघत, गावच्या तानाजीकाकांचा झाला. काका आबांचे लहानपणापासूनचे मित्र, त्यांना नुसतं 'कोंडीबा' म्हणणारे.

"विरोधात एक. ठराव मंजूर."

"प्रियंकाताई, तुम्हीच मला बोलावलंत ना?"

"मुलांचं भलंच होईल गं. पटेल तुला हळूहळू." अहो-जाहो गळून पडलं होतं.

"तुमचा विरोध नोंदवून घेतलाय," शेखर कागद आवरत म्हणाले. "किती दिवस विषय अडकला होता. तुमची मोठीच मदत झाली. थँक यू."

मदत कसली, ते तिला कळलं नाही.

बाहेर पायरीवर तानाजीकाका चपला घालत होते. खाली धरणाचं पाणी उन्हात तळपत होतं.

"काका, तुमचाबी हात वर व्हता."

"व्हता. माज्या जमिनीपातुर ही मानसं रस्ता काढून देनार हायेत. खोटं कशाला बोलू?"

ती पुढे निघाली.

"शुभे, थांब. आत ती माफी मागितलीस, ती तेवढी मागं घे."

ती वळली.

"वरच्या शाळंला जागा तुमच्या वस्तीनं दिली, तवाच नियम ठरला. वस्तीचा सभासद समक्ष हजर असल्याबिगर त्या शाळंचा कसलाच ठराव घ्यायचा न्हाई. समोर बसलेल्या मानसाची शाळा त्याच्या तोंडावर कोन बंद करंल, असं वाटलं व्हतं आमाला." काका तिच्याकडे बघत नव्हते. "कोंडीबा कुनाला भेत न्हवता, पोरी. त्यो येत न्हवता, म्हनून शाळा व्हती."