अठ्ठावीस दिवसांचं पाणी

काँक्रीटचा तिसरा क्यूब फटाक्यासारखा फुटला. लॅबमधल्या भिमाजीने मशीनचा दाब सोडला, ब्रशने भुगा झाडला आणि आकडा ओरडून सांगितला, "सहाशे आठ!"

"लिही," मार्गदर्शक भापकर सर म्हणाले. "साडेचारशेला पास, आपण सहाशेच्या वर. ज्ञानेश्वरी, पीएचडी झाली समज."

साखर कारखान्याच्या बॉयलरमधली राख घालून सिमेंट वाचवायचं, हे ज्ञानेश्वरीचं तीन वर्षांचं काम. या काँक्रीटचा पहिला स्लॅब पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीवर पडणार होता. वस्ती तिचीच. पाचला बांधकाम खात्याचा माणूस रिपोर्ट न्यायला येणार होता आणि साडेतीन वाजले होते.

तिने पेन उघडलं, बंद केलं. खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"सर, अजून तीन आहेत."

दारात तिची आई उभी होती, छबूबाई. डोक्यावर युरियाचं पोतं.

"हितं ठिवू का?" छबूबाईने पोतं उतरवलं. "कंडक्टर म्हनला, मावशी, दगडं घेऊन कुटं निघाली नगरला? म्हनलं, पोरीचा अभ्यास हाय त्यो. लगेजचं तिकीट फाडलं मुडद्यानं."

भिमाजी हसला. सर हसले नाहीत. "हे काय आहे?"

"त्याच दिवशीचे, त्याच मालातले क्यूब आहेत सर. तीन आपल्या टाकीत बुडवले, तीन आईकडे दिले. स्लॅब तिथे पडणार, तर तिथल्या पाण्यावर बघावं म्हटलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

तोवर भिमाजीने पहिला मशीनमध्ये ठेवलासुद्धा. काटा चढला. हा क्यूब फुटला नाही. सुक्या ढेकळासारखा नुसता बसला.

"दोनशे नव्वद," भिमाजी म्हणाला. या वेळी ओरडला नाही.

दुसरा तीनशे चार. तिसरा दोनशे ऐंशी.

छबूबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "पास झालं का न्हाई?"

"नाही, आक्का," भिमाजी म्हणाला.

सरांचा चेहरा मात्र मोकळा झाला. "अहो, यात मटेरियलची चूकच नाही. पाणी कमी पडलंय. आपल्या टाकीतले अठ्ठावीस दिवस बुडून होते. तुम्ही किती घातलं मावशी?"

"रोज घातलं की. सकाळी तांब्याभर, दिस मावळताना तांब्याभर. वर पोतं. प्यायचं न्हाई घातलं, खोटं कशाला बोलू? भाजी धुतल्यालं, पोराच्या आंघुळीचं, आसलं. दोन-तीन रोज चुकलं, टँकर आला न्हाई तवा."

"झालं तर मग. ज्ञानेश्वरी, या तीन आकड्यांपुढे शेरा मार : पाणी देण्यात हयगय, नमुने रद्द. टाकीतले तीन रिपोर्टला. यात खोटं काहीच नाही."

खोटं नव्हतंच. आकडे खरे, शेरा खरा, आणि त्या स्लॅबखाली तीस पोरं बसणार होती.

"सर, स्लॅबला अठ्ठावीस दिवस पाणी कोण मारणार?"

"कॉन्ट्रॅक्टर."

भिमाजी खोकला. "तो तीन दिवस पोती टाकतो सर. चौथ्या दिवशी पोतीपण घेऊन जातो."

"तू मशीन पूस." सरांनी घड्याळ बघितलं. "हे बघ, कोण पाणी मारतं तो आपला विषय नाही. आपला विषय मटेरियल. हे आकडे धरलेस तर मिश्रण पहिल्यापासून करावं लागेल. दोन वर्षं. फेलोशिप मार्चला संपते तुझी. नंतर काय, आईबरोबर पाणी भरणार?"

ज्ञानेश्वरी पुन्हा खिडकीपर्यंत गेली. तिथून टाकी दिसत होती. पुढच्या बॅचचे क्यूब तळाला गार पडून होते, वर हातभर नितळ पाणी. दर आठवड्याला ते पाणी गटारात सोडून नवीन भरायचा नियम होता. तीन वर्षांत कितीदा तरी तिने स्वतःच नळ सोडला होता.

मागून छबूबाई म्हणाली, "लिही गं. माझ्या नावावर लिही. म्हातारीनं हयगय केली म्हनून लिही. मला कुटं डिगरी घ्यायचीय?"

 

ज्ञानेश्वरी टेबलाशी आली. रजिस्टर ओढलं आणि पेन उघडलं. आधी तिन्ही आकडे लिहिले. दोनशे नव्वद. तीनशे चार. दोनशे ऐंशी.

"आई, या महिन्यात टँकर किती वेळा आला?"

"चार... न्हाई, तीन. एकदा पंचर झाल्ता."

"आपल्या वाट्याला?"

"खेपेला दोन टिपाडं."

"घरात माणसं किती?"

"सात. शेरडं धरू नको, त्यान्ला लांबच्या हापशावर नेतो."

"ज्ञानेश्वरी," सर म्हणाले. "काय लिहितेस तू?"

‘हयगय’ नाही, ‘रद्द’ नाही; ती लिहीत राहिली. शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद. टँकर मावला, टिपाडं मावली, सात माणसं मावेनात. शेजारी मार्गदर्शकाच्या सहीचा चौकोन कोरा होता. तिचं पेन रेघ ओलांडून त्यात शिरलं.