कणगीच्या छपरात

"ही बाटली कसली? बोल की. कुणाकडून आणलास हा रोग?"

ओतिलियाने काठी जमिनीवर आपटली. डोक्यावर बापाची खाणीतली टोपी, कमरेला गुंडाळायच्या छापील कापडाचा, कापुलान्याचा, काष्टा मारून केलेली पँट, ओठांवर कोळशाने काढलेल्या मिशा. समोर बायको बनून उभ्या असलेल्या झिताला हसू आवरेना. काजूच्या झाडाखाली बसलेल्या बाकीच्या पोरी तर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

"हसू नका गं," फेलिझमिना म्हणाली. "झिता, उत्तर दे."

झिताने पाठ केलेलं म्हणून टाकलं, "ही रोगाची गोळी नाही. रोग होऊ नये म्हणून आहे. चला, दोघं मिळून रक्त तपासून येऊ." मग हळूच विचारलं, "एवढं बोलून होईपर्यंत माझे दात तोंडात राहतील का, ताई?"

"दात गेले तर जाऊ देत. जीव राहील ना."

फेलिझमिना काही डॉक्टरीणबाई नव्हती. या पोरींसारखीच, चोवीस वर्षांची, सातवीत शाळा सुटलेली, दोन लेकरांची आई. दवाखान्याने तिला आठ दिवस शिकवलं आणि सांगितलं, आता तू तुझ्या बरोबरीच्यांना शिकव. पांढऱ्या कोटापुढे पोरी तोंड उघडत नाहीत, तिच्यापुढे उघडायच्या. दर गुरुवारी काजूखाली बैठक. एचआयव्ही कशाने होतो, कशाने होत नाही, निरोध कसा वापरायचा, रोज एक गोळी न चुकता घेतली तर नवऱ्याचं दुखणं आपल्याला कसं लागत नाही. आणि शेवटी एक युक्ती, जी दवाखान्यातही कुणी शिकवत नाही. बाटलीत कापूस कोंबायचा, म्हणजे ती खुळखुळत नाही. खुळखुळली की सासू आलीच म्हणून समजा.

ती स्वतः दीड वर्ष गोळी घेत होती. तिचा नवरा फेनियास सीमेपलीकडे जोनीला, म्हणजे जोहान्सबर्गला, सोन्याच्या खाणीत. अकरा महिने तिकडे, डिसेंबरात इकडे मोझांबिकला. तिकडे त्याला कोण रांधून वाढतं हे तिने कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे बायका ते विचारत नाहीत. पण बाटली सापडली तर काय होईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या आल्झिराला गेल्या वर्षी रोगी ठरवून माहेरी हाकललं आणि लेकरं ठेवून घेतली. देज, म्हणजे बापाला मोल, देऊन आणलेल्या बाईची लेकरं नवऱ्याच्या घराची, त्यात पंचही तोंड घालत नाहीत. म्हणून फेलिझमिनाची बाटली घरात कधी नसायचीच. ती असायची मक्याच्या कणगीवर, छपराच्या गवतात, अगदी आत खोचलेली.

फेनियास शनिवारी आला. साखर आणली, साबण आणला, लेकरांना बूट आणले. सोमवारी दुपारी ती डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन विहिरीवरून परतली आणि अंगणात जागच्या जागी थांबली. फेनियास कणगीपाशी उभा होता. त्याचा एक हात खिशात होता, दुसरा खांद्यापर्यंत छपरात. तो हात बाहेर आला तेव्हा त्यात तिची बाटली होती.

त्याने ती कानाशी धरून हलवली. आवाज झाला नाही. मग झाकण उघडलं, कापूस ओढून काढला आणि गोळ्या तळहातावर घेतल्या.

तिने डबा खाली ठेवला. लेकरं कुठे आहेत ते आधी पाहिलं. मग मनात उत्तर जुळवलं. ही रोगाची गोळी नाही. दात गेले तर जाऊ देत.

पण फेनियासने काठी शोधली नाही. तो पालथ्या उखळावर मटकन बसला आणि रडायला लागला. मोठ्या ओझ्यातून सुटलेला माणूस रडतो तसा.

"तुलाही झालाय होय," तो म्हणाला. "अगं, मग मी कुणाला भीत होतो?"

खिशातून त्याने एक बाटली काढली आणि तिच्या हातात ठेवली. तीही वाजली नाही. आत कापूस होता.

"चार वर्षं झाली. खाणीतल्या डॉक्टरने सांगितलं. दर डिसेंबरात एकच घोर, ही कुठं लपवू? घरी आलो की निम्मे दिवस गोळी चुकते. आत्ताही लपवायला म्हणून इथं हात घातला, तर तुझी आधीच बसलेली."

चार वर्षं. धाकटी तीन वर्षांची होती. फेलिझमिनाचं रक्त गेल्याच महिन्यात तपासलं होतं आणि त्यात काही नव्हतं. दीड वर्ष गोळीने राखलं होतं आणि त्याआधीची अडीच वर्षं निव्वळ नशिबाने. या माणसाचं तोंड फोडावं असं तिला वाटलं.

"माझी गोळी वेगळी आहे," ती म्हणाली. "मला..."

"काही सांगू नकोस." त्याने तिचा हात धरला. इतक्या मायेने त्याने तो लग्नातही धरला नव्हता. "घाबरू नकोस. आईला मी कळू देणार नाही. माहेरी धाडणार नाही. लेकरं तुझ्यापाशीच राहतील."

ती पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिली. त्या प्रश्नाचं उत्तर तिने वीस पोरींकडून घोकून घेतलं होतं.

फेनियासने डोळे पुसले.

"आणि कुणाकडून आणलास, ते मी विचारणारसुद्धा नाही," तो म्हणाला. "जा, माफ केलं तुला."